परदेशात रेल्वेचं फॅमिली कार्ड आणि सोबत मित्राचं मूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टीत परदेशी जाताना आपल्या मुलांसोबत मित्राचा किंवा मैत्रिणीचा मुलगाही निघतो, आणि मग रेल्वेची सवलत त्याला लागू होते का यावरून घरात चर्चा सुरू होते. त्याच त्या प्रश्नांची उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. ब्रिटनबद्दल सगळ्यात जास्त लिहिलंय कारण प्रश्नही तिथलेच जास्त येतात, बाकी देश पुढे आहेत. दर मधूनमधून बदलतात, तेव्हा पैसे भरताना समोर दिसणारा आकडा खरा धरा.

१. डिस्काउंट कार्ड आणि रेल्वे पास एकच ना?

नाही. कार्ड म्हणजे आधी थोडे पैसे भरून ठेवायचे आणि मग प्रत्येक तिकिटावर ठरावीक टक्के सूट घ्यायची, तिकीट वेगळं काढावंच लागतं. पास म्हणजे तोच तुमचं तिकीट, तेवढ्या दिवसांत पाहिजे तेवढं फिरा (काही गाड्यांना वरून रिझर्व्हेशनचे पैसे लागतात ते सोडा). ब्रिटनचं रेलकार्ड आणि फ्रान्सचं कार्त आवांताज ही कार्डं, युरेल (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा) आणि स्विस ट्रॅव्हल पास हे पास. मित्राच्या मुलाचा नियम दोन्हीकडे वेगवेगळा असतो म्हणून हा फरक आधी डोक्यात असलेला बरा.

२. मूल आमचं नाही, मैत्रिणीचं आहे. फॅमिली कार्डावर चालेल का?

देशावर अवलंबून आहे. काही ठिकाणी रेल्वेला फक्त मुलाचं वय बघायचं असतं, ते कुणाचं आहे याच्याशी घेणंदेणं नसतं. ब्रिटनचं फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड, जर्मनीतला मोफत प्रवास आणि युरेलचा चाइल्ड पास हे सगळे यात येतात. काही ठिकाणी सवलत आईबापासोबत प्रवास करणाऱ्या मुलालाच मिळते, स्वित्झर्लंडचं फॅमिली कार्ड हे त्याचं ठळक उदाहरण (प्रश्न १४). आणि तिसरा प्रकार सरकारी, तिथे राहणाऱ्या मोठ्या कुटुंबांसाठीचा, त्याच्या वाटेला आपण जायचंच नाही (प्रश्न १८).

म्हणून कुठलंही कार्ड घेण्याआधी एकच गोष्ट शोधायची, नियमात 'मूल' लिहिलंय की 'स्वतःचं मूल' लिहिलंय. कार्डाच्या नावात फॅमिली आहे की नाही यावर जाऊ नका, ते नाव फसवं असतं. ब्रिटनच्या कार्डाच्या नावात फॅमिली असूनही नातं लागत नाही, आणि जर्मनीत तर कार्डच लागत नाही.

३. ब्रिटनचं फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड नेमकं काय देतं?

मोठ्यांच्या भाड्यावर एक तृतीयांश सूट आणि ५ ते १५ वर्षांच्या मुलांच्या भाड्यावर ६० टक्के सूट. एका कार्डावर जास्तीत जास्त ४ मोठे आणि ४ मुलं. किंमत मार्च २०२५ पासून ३५ पाउंड, त्याआधी ३० होती. एक वर्ष चालतं. तीन वर्षांचंही मिळतं पण फिरायला जाणाऱ्याला त्याचा काय उपयोग.

अट एवढीच की ग्रुपमध्ये ५ ते १५ वयाचं किमान एक मूल हवं आणि ते पूर्ण प्रवासात तुमच्यासोबत हवं. नातं कुठेही विचारलेलं नाही. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड तिन्हीकडे चालतं, उत्तर आयर्लंडमध्ये नाही. आधी बुक केलेल्या स्वस्त ॲडव्हान्स तिकिटांवरही सूट लागते, म्हणजे स्वस्तावर आणखी स्वस्त, आणि हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं.

४. कार्डावर नाव कुणाचं टाकायचं? मैत्रिणीच्या मुलाचं नाव लागतं का?

मुलांची नावं लागतच नाहीत. कार्ड मोठ्या माणसाच्या नावावर असतं आणि त्यावर दोन नावं टाकता येतात. त्या दोघांपैकी एक जण तरी प्रत्येक प्रवासात हवा. दोघं नवराबायको असायला पाहिजेत असं काही नाही, एका घरात राहायलाही पाहिजेत असं नाही.

हे दुसरं नाव फार कामाचं आहे, ते रिकामं सोडू नका. समजा मैत्रीण ब्रिटनमध्येच राहते, तिच्याकडे कार्ड आहे आणि तुम्ही फक्त तिच्या मुलीला घेऊन दोन दिवस यॉर्कला जाणार. कार्डावर तुमचं नाव नसेल तर ते कार्ड तुमच्या कामाचं नाही, मूल तिचं असलं तरी. तिने कार्ड घेतानाच दुसरं नाव तुमचं टाकलेलं असेल तर मात्र सगळं नियमात बसतं. असंच तुम्ही दोघं नवराबायको जाणार असाल तर दोघांची नावं टाका, म्हणजे एक जण हॉटेलवर झोपला तरी दुसरा मुलांना घेऊन निघू शकतो.

५. आम्ही तिथे राहत नाही, टुरिस्ट आहोत. आम्हाला कार्ड मिळेल?

हो. तिथला पत्ता, रहिवासाचा पुरावा वगैरे काही लागत नाही. ऑनलाइन घेतलं तर फोनवरच्या रेलकार्ड ॲपमध्ये येतं, नाहीतर स्टेशनवरच्या तिकीट खिडकीवर कागदी कार्ड मिळतं. ऑनलाइन तिकीट काढताना फक्त कोणतं रेलकार्ड आहे ते निवडायचं असतं, त्यामुळे तिकिटं आधी काढून कार्ड नंतर घेतलं तरी चालतं, प्रवासाच्या दिवशी ते तुमच्याकडे हवं. पण माझं मत विचाराल तर कार्ड आधी घ्या, कारण गडबडीत ते राहून जातं आणि मग गाडीत पूर्ण भाडं भरावं लागतं.

६. आम्ही एकदाच रेल्वेने जाणार आहोत. ३५ पाउंड वसूल होतील का?

हिशोब सोपा आहे. मुलाचं भाडं साधारण मोठ्याच्या निम्मं असतं. मोठ्याचं तिकीट ६० पाउंड धरा, मुलाचं ३०. एक मोठा आणि एक मूल म्हणजे ९०. कार्डावर हेच ४० अधिक १२, म्हणजे ५२. वाचले ३८, कार्डाचे ३५ गेले, हातात ३ पाउंड. जेमतेम.

आता दोन मोठे आणि दोन मुलं घ्या, एक तुमचं आणि एक मित्राचं. कार्डाशिवाय १८०, कार्डावर ८० अधिक २४ म्हणजे १०४. एका फेरीत ७६ वाचले. म्हणजे चौघं असाल तर मोठ्याचं तिकीट २८ पाउंडाच्या आसपास असलं तरी एकाच प्रवासात कार्ड वसूल, आणि एक मोठा एक मूल असेल तर ते ५५ च्या वर पाहिजे. लंडनहून एडिनबरा जाऊन येणार असाल तर विचारच करू नका, घ्या. लंडनमध्येच राहून एखादी जवळची चक्कर मारणार असाल तर बहुतेक नको.

कार्ड न घेता एक वेगळी सोयही आहे, ग्रुपसेव्ह नावाची. ३ ते ९ जण एकत्र जाणार असतील तर काही रेल्वे कंपन्या ऑफ-पीक म्हणजे गर्दी नसलेल्या वेळेच्या तिकिटांवर एक तृतीयांश सूट देतात, त्याला कार्डाचे पैसे नाहीत. पण सगळ्या कंपन्या देत नाहीत, ॲडव्हान्स तिकिटांवर ती लागत नाही आणि रेलकार्डासोबत जोडून घेता येत नाही.

७. मित्राचा मुलगा ४ वर्षांचा आहे आणि सोबत दुसरं मूल नाही. मग कार्डाचा काही फायदा?

५ वर्षांखालच्या मुलांना ब्रिटनमध्ये तिकीटच लागत नाही, एका मोठ्यामागे अशी दोन मुलं फुकट. पण मग कार्डासाठी लागणारं ५ ते १५ चं मूल ग्रुपमध्ये उरत नाही. यावर नियमातच वाट आहे: त्या ४ वर्षांच्या मुलाचं चाइल्ड तिकीट मुद्दाम विकत घ्यायचं, म्हणजे मोठ्यांना सूट मिळते. विचित्र वाटतं, फुकटात जाणाऱ्या पोराचं तिकीट काढायचं, पण वरच्याच उदाहरणात ६० चे ४० होतात आणि पोराचे १२ जातात, तरी ८ पाउंड वाचतात. शिवाय तिकीट असल्यामुळे त्याला हक्काची सीट मिळते, तीन-चार तासांच्या प्रवासात मांडीवर घेऊन बसण्यापेक्षा हे कधीही बरं.

८. मूल म्हणजे किती वर्षांपर्यंत? आमच्यासोबतची मुलगी १२ पूर्ण आहे.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो कारण प्रत्येक देशाचं वेगळं. ब्रिटन ५ ते १५. स्वित्झर्लंड ६ पासून १६ वा वाढदिवस येईपर्यंत. जर्मनी आणि ऑस्ट्रिया ६ ते १४. फ्रान्स ४ ते ११. युरेल ४ ते ११. जपान ६ ते ११.

म्हणजे तुमच्यासोबतची १२ वर्षांची मुलगी लंडनमध्ये लहान, पॅरिसमध्ये मोठी, म्युनिकला पुन्हा लहान. एकाच ट्रिपमध्ये दोन-तीन देश असतील तर प्रत्येक टप्प्याचा हिशोब वेगळा करा. आणि वय प्रवासाच्या दिवशीचं बघतात, बुकिंगच्या दिवशीचं नाही. मित्राच्या मुलाचा वाढदिवस आपल्याला अंदाजे माहीत असतो, अंदाजावर जाऊ नका, पासपोर्टचा फोटो मागवून घ्या.

ब्रिटनमध्ये १६ पूर्ण झालेलं मूल मोठ्यांत मोजतात, म्हणजे कार्डावर त्याला ६० टक्के नाही तर एक तृतीयांश सूट मिळते, आणि तेही ग्रुपमध्ये दुसरं लहान मूल असेल तरच.

९. सकाळच्या गाडीला कार्ड चालत नाही असं ऐकलं, खरं का?

अर्धं खरं. सोमवार ते शुक्रवार सकाळच्या ऑफिसच्या गर्दीत, आणि तुमचा पूर्ण प्रवास लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या पट्ट्यातलाच असेल, तर चालत नाही. लंडन ते ब्रायटन, ऑक्सफर्ड, केंब्रिज हे सगळं त्या पट्ट्यात येतं. लंडन ते यॉर्क किंवा एडिनबरा त्या पट्ट्याच्या बाहेर जातं, तिथे कार्डाची ही अट आडवी येत नाही. शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्टीला प्रश्न नाही. ऑफ-पीक तिकिटाला स्वतःची वेळेची अट असते ती वेगळी, ती कार्ड असो नसो लागतेच.

१०. मूल आजारी पडलं, हॉटेलवर राहिलं. तिकीट तर त्याचं काढलेलं आहे, मग आम्ही जाऊ शकतो ना?

कार्डाच्या सवलतीवर नाही जाऊ शकत. मूल प्रत्यक्ष गाडीत हवं, त्याचं नुसतं तिकीट खिशात असून भागत नाही. प्रश्न ६ मधले आकडे बघून काही लोकांच्या डोक्यात येतंच की एकट्याचे ६० आणि मुलासकट ५२, मग खोट्याच मुलाचं तिकीट काढू की! टीसीलाही हे माहीत असतं, तो पहिला प्रश्न हाच विचारतो की मूल कुठे आहे. तुमचं तिकीट अवैध धरलं जातं आणि नवीन पूर्ण तिकीट किंवा दंड, वर चारचौघांत शोभा.

मूल मधल्या स्टेशनवर उतरणार असेल, समजा त्याचे आजी-आजोबा तिथे राहतात आणि तुम्ही पुढे जाणार, तर तिकिटं दोन टप्प्यांत काढा. मूल सोबत आहे तिथपर्यंत कार्डावर, पुढचं साधं. ग्रुपमध्ये दुसरं ५ ते १५ चं मूल पुढेही असेल तर हे काहीच करावं लागत नाही. म्हणून एकापेक्षा दोन मुलं बरी, रेल्वेच्या हिशोबात तरी.

११. दोन कुटुंबं आहोत, ५ मोठे आणि ५ मुलं. एका कार्डात भागेल?

४ अधिक ४ ला एक कार्ड. उरलेल्या एक मोठा एक मूल यांना साधं तिकीट काढा किंवा दुसरं कार्ड घ्या, कोणतं स्वस्त ते प्रश्न ६ च्या हिशोबाने बघा. दोन कुटुंबं असतील तर मी दोन कार्डंच घेईन, कारण दहा जण पूर्ण ट्रिपभर एकत्र फिरतात हे कागदावरच घडतं. तिसऱ्या दिवशी अर्ध्यांना म्युझियम बघायचं असतं, अर्ध्यांना समुद्र, आणि कार्डावर नाव असलेला माणूस एकाच बाजूला जाऊ शकतो. दोन कार्डं असतील तर नावं उलटसुलट टाका, पहिल्या कार्डावर एकेका कुटुंबातला एक आणि दुसऱ्यावरही तसंच. मग कसेही गट पडले आणि कुणाचीही मुलं कुणाबरोबरही गेली तरी अडत नाही.

१२. लंडनच्या मेट्रोत हे कार्ड चालतं का?

नाही, हे रेलकार्ड ऑयस्टर कार्डाला (पैसे भरून मेट्रोत वापरायचं लंडनचं कार्ड) जोडता येत नाही. पण तिथे मुलांसाठी वेगळ्या सोयी आहेत आणि त्यांनाही नातं लागत नाही. ११ वर्षांखालची मुलं तिकीट असलेल्या मोठ्या माणसाबरोबर मेट्रोत फुकट, एका मोठ्यामागे चार. ११ ते १५ च्या मुलांसाठी यंग व्हिजिटर डिस्काउंट म्हणून प्रकार आहे. मुलाचं ऑयस्टर कार्ड घ्यायचं आणि मेट्रो स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सांगून त्यावर ही सवलत टाकून घ्यायची, १४ दिवसांपर्यंत निम्मं भाडं लागतं. विमानतळावरून येताना हीथ्रो एक्सप्रेस घेणार असाल तर १५ वर्षांपर्यंतची मुलं तिकीट काढलेल्या मोठ्यासोबत फुकट, कार्ड असो नसो.

१३. लंडनहून पॅरिसला जाणाऱ्या युरोस्टारला ब्रिटनचं कार्ड दाखवता येईल?

नाही. युरोस्टारचे दर वेगळे आणि मुलांची वयं वेगळी, ४ वर्षांखालचं मूल मांडीवर फुकट, ४ ते ११ ला चाइल्ड भाडं. तिथे पासपोर्ट तपासणी असते, त्यामुळे मूल मित्राचं असेल तर कागदपत्रांची फाईल हाताशी ठेवा (प्रश्न २१).

१४. स्वित्झर्लंडचं फॅमिली कार्ड फुकट मिळतं ना, मग मैत्रिणीच्या मुलीसाठीही घेऊ?

हे कार्ड फुकट मिळतं हे खरं, आणि त्यावर ६ ते १५ ची मुलं स्विस ट्रॅव्हल पास असलेल्या पालकाबरोबर बिनपैशात फिरतात. पण पालकाबरोबरच. मैत्रिणीची मुलगी तुमच्यासोबत आहे आणि मैत्रीण नाही, तर तिला फॅमिली कार्ड नाही. तिच्यासाठी निम्म्या दरात स्विस ट्रॅव्हल पास मिळतो, तो घ्यायचा. म्हणजे एकाच गाडीत, एकाच बाकावर, तुमचा मुलगा शून्यात आणि तिची मुलगी अर्ध्या पासावर. मुलांना हे सांगत बसू नका.

दर वेळी अर्धा पासच घ्यावा असंही नाही. ६ ते १५ च्या मुलांचं साधं तिकीट तिथे निम्म्या भाड्यातच असतं, त्यामुळे दोन-तीनच प्रवास असतील तर सुटी तिकिटं काढून बघा. नाहीतर मुलांचा एक दिवसाचा पास असतो, जो कुठल्याही मोठ्या सोबत्याबरोबर चालतो, आईबाप असायला पाहिजेत असं नाही. डोंगरावर जाण्याचा एखादाच लांबचा दिवस असेल तर तो बघण्यासारखा आहे, फक्त तुमच्या डोंगरी गाडीला किंवा रोपवेला तो चालतो का ते आधी तपासा. ६ वर्षांखालची मुलं सोबत मोठं माणूस असेल तर फुकट.

मैत्रीण स्वतःही सोबत असेल आणि तिच्याकडे पास असेल तर तिच्या मुलीचं फॅमिली कार्ड तिच्या पासबरोबर काढायचं, तुमच्या नाही. आणि मग ती मुलगी तिच्याबरोबरच्या गाडीत हवी. ती मुलगी तुमच्याबरोबर पुढे आणि मैत्रीण मागच्या गाडीने, असं केलं तर कार्ड चालत नाही.

१५. जर्मनीत कोणतं कार्ड घ्यायचं?

मुलासाठी कुठलंच नाही. डॉइचे बान म्हणजे जर्मनीच्या राष्ट्रीय रेल्वेच्या गाड्यांत ६ ते १४ ची मुलं १५ वर्षांवरच्या कुणाहीबरोबर फुकट जातात, एका तिकिटावर चार मुलांपर्यंत, नातं विचारत नाहीत. पण तिकीट काढतानाच मुलांची संख्या आणि वय टाकावं लागतं, ते तिकिटावर छापलेलं हवं. फुकटच आहे म्हणून बुकिंगमध्ये मूल टाकलंच नाही तर गाडीत त्याचं तिकीट नाही असं धरतात. ६ खालच्यांना तिकीटच नाही.

सीटचे पैसे मात्र वेगळे. आधी कुटुंबासाठी एकत्र स्वस्त रिझर्व्हेशन मिळायचं ते जून २०२५ मध्ये बंद झालं, आता प्रत्येक सीटचे पैसे द्यायचे, मुलाचेही. सुट्टीच्या दिवसांत लांबच्या गाडीत चार मुलांना घेऊन उभं राहण्यापेक्षा ते देऊन टाका.

आणि डॉइचलँड टिकेट म्हणजे महिन्याचा पास काढला असेल तर तो फक्त ज्याच्या नावाचा त्याचा. ६ वर्षांवरचं मूल त्यावर येत नाही, तुमचं असो की मित्राचं, त्याला वेगळं तिकीट लागतं.

१६. फ्रान्समध्ये?

कार्त आवांताज ॲडल्ट, ४९ युरो, वर्षभर. कार्डवाल्याला ३० टक्के, सोबतच्या एका मोठ्याला ३० टक्के आणि ४ ते ११ च्या तीन मुलांपर्यंत ६० टक्के. मुलं कुणाचीही चालतात. यातली मेख म्हणजे ॲडल्ट कार्ड वीकेंडसाठी बनवलेलं आहे, प्रवासात शनिवार किंवा रविवार यावा लागतो. मंगळवारी जाऊन गुरुवारी परत येणार असाल तर पैसे पाण्यात. १२ वर्षांवरच्या मुलाला ६० टक्के नाहीत. त्याच्यासाठी त्याच किमतीचं तरुणांचं कार्ड आहे, १२ ते २७ वयाचं, पण ते एखाद्या प्रवासासाठी घेणं क्वचितच परवडतं. ४ खालची मुलं मांडीवर फुकट.

१७. ऑस्ट्रिया, इटली, नेदरलँड्स? थोडक्यात सांगा.

ऑस्ट्रियात फोर्टाइल्सकार्ड फॅमिली आहे, मूल सोबत असताना मोठ्याला सवलत आणि १५ खालची चार मुलांपर्यंत फुकट, वर्षाचं कार्ड आणि स्वस्त. इटलीत कार्डाची भानगड नाही, त्रेनीतालिया या तिथल्या रेल्वे कंपनीची 'मुलं फुकट' अशी ऑफर असते, २ ते ५ जणांच्या ग्रुपमध्ये एक मोठा आणि १५ खालचं मूल असेल तर मुलाचे पैसे नाहीत. पण सीटं मर्यादित असतात, लवकर संपतात, आणि मोठ्याचं तिकीट त्या ऑफरमध्ये महाग पडत नाही ना ते साध्या स्वस्त तिकिटाशी ताडून बघा. नेदरलँड्समध्ये रेलरनर नावाचं ४ ते ११ च्या मुलांचं दिवसभराचं तिकीट आहे, अगदी दोन-तीन युरोंचं, तिथे डोकं लावायची गरजच नाही.

१८. मोठ्या कुटुंबाचं कार्ड दिसलं साइटवर, तीन मुलं असली की मिळतं. आमची दोन आणि मित्राचं एक, झाली की तीन!

नाही होत. फ्रान्सचं फामिय नॉम्ब्रूझ आणि स्पेनचं फामिलिया नुमेरोसा हे सरकारमान्य कुटुंबाचे दाखले आहेत, तिथे राहणाऱ्या कुटुंबांना कागद बघून देतात. टुरिस्टला नाही, आणि उसन्या मुलाला तर नाहीच. बुकिंग साइटवर ते पर्याय टिक करता येतात म्हणून टिक करू नका, गाडीत दाखला मागतात.

१९. युरेल पासवर मित्राचं मूल फुकट जाईल?

जाईल. ॲडल्ट पास असलेल्या एका माणसामागे ४ ते ११ ची दोन मुलं फुकट, आणि तो माणूस नातेवाईक असायची गरज नाही. चाइल्ड पास मोठ्याच्या पाससोबत एकाच ऑर्डरमध्ये घ्या. तीन मुलं आणि एकच मोठा असेल तर तिसऱ्याला वेगळा पास लागतो. १२ पूर्ण झालेल्याला युथ पास, तो १२ ते २७ वयाचा.

सोबत जाणारी मावशी किंवा काका स्वतः २७ च्या आतले असतील आणि त्यांनी स्वस्त म्हणून युथ पास घेतला असेल, तर त्या पासवर फुकट मूल मिळत नाही. अशा वेळी त्यांनी मुद्दाम ॲडल्ट पास घ्यायचा. पैशात फरक पडतो, पण दोन मुलं फुकट जात असतील तर बहुतेक भरून निघतं.

फुकट म्हणजे पास फुकट. फ्रान्सची टीजीव्ही, युरोस्टार, इटली आणि स्पेनच्या वेगवान गाड्या यांना सीट रिझर्व्हेशन सक्तीचं असतं आणि त्याचे पैसे मुलालाही पडतात. युरोपात राहणारे इंटररेल घेतात आणि बाहेरून येणारे युरेल. मैत्रीण युरोपात राहते आणि तुम्ही बाहेरून जाताय तर तिच्या मुलाचा पास कोणता हे बुकिंगच्या आधीच विचारून घ्या, कारण दोन ऑर्डर एकमेकांना जोडता येत नाहीत.

२०. जपान रेल पासचं काय?

तिथे फॅमिली कार्ड नाही आणि नात्याचा प्रश्नही नाही. ६ ते ११ च्या मुलाचा पास निम्म्या किमतीत, ६ खालची दोन मुलं एका मोठ्यामागे फुकट, पण सीट वेगळी हवी असेल तर पैसे. साध्या वर्गाचा ७ दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये वाढून ५०,००० येन झाला, तेव्हापासून तो डोळे झाकून घ्यायची गोष्ट राहिली नाही, सुट्या तिकिटांची बेरीज करूनच ठरवा. पास प्रत्येकाच्या नावावर असतो आणि पासपोर्ट बघून देतात, म्हणून मित्राच्या मुलाचा मूळ पासपोर्ट तुमच्याकडे हवा.

२१. आडनाव वेगळं बघून टीसी अडवेल का? आणि संमतीपत्र लागतंच का?

जिथे नातं लागतच नाही तिथे टीसी आडनाव विचारत नाही. त्याला कार्ड, तिकीट आणि मुलाचं वय एवढंच बघायचं असतं. मूल दिसायला मोठं असेल तर वयाचा पुरावा मागू शकतो, फोनमध्ये पासपोर्टचा फोटो असू द्या. स्वित्झर्लंडच्या फॅमिली कार्डावर पालकाचं आणि मुलाचं नाव असतं तिथे गोष्ट वेगळी.

आडनावाचा खरा प्रश्न येतो सीमेवर, रेल्वेत नाही. आई आणि वडील दोघांच्या सहीचं संमतीपत्र, नोटरी केलेलं, त्यात तुमचं नाव आणि पासपोर्ट नंबर, प्रवासाच्या तारखा, कुठे राहणार, त्यांचे फोन नंबर. सोबत मुलाच्या जन्मदाखल्याची आणि आईवडिलांच्या पासपोर्टची प्रत. त्याच पत्रात डॉक्टरकडे नेण्याची परवानगीही लिहून घ्या, रात्री ताप चढल्यावर ती नसल्याचं लक्षात येतं. प्रवास विमा मुलाचा वेगळा, तुमच्या फॅमिली विम्यात ते बहुतेक बसत नाही.

ब्रिटनला व्हिसा लागत असेल तर आणखी एक. मुलाच्या व्हिसाच्या अर्जात तो कोणासोबत येणार त्या मोठ्यांची माहिती द्यावी लागते, जास्तीत जास्त दोन जण. ज्यांची नावं दिली त्यांच्यापैकी कुणी सोबत नसेल तर विमानतळावर अडवू शकतात. म्हणजे रेलकार्डावरची दोन नावं आणि व्हिसावरची दोन नावं एकच ठेवली तर डोक्याला ताप कमी.

२२. मूल ब्रिटनमध्ये आमच्याकडे दीड महिना राहणार आहे, पूर्ण सुट्टी. काही वेगळं?

रेलकार्डाच्या बाजूने काही नाही, ते वर्षभर चालतं. पण १६ वर्षांखालचं मूल जवळच्या नातेवाइकाऐवजी दुसऱ्या कुणाकडे २८ दिवस किंवा जास्त राहणार असेल तर तिथे त्याला खाजगी फॉस्टरिंग (दुसऱ्याचं मूल आपल्याकडे सांभाळणं) म्हणतात आणि स्थानिक कौन्सिलला आधी कळवावं लागतं. मित्राचं मूल म्हणजे कायद्याने नातेवाईक नाही, तुम्हाला ते काका म्हणत असलं तरी. चार आठवड्यांच्या आत परत पाठवणार असाल तर हा प्रश्न येत नाही.

२३. कार्ड हॉटेलवर विसरलं किंवा फोन बंद पडला तर?

दाखवता आलं नाही म्हणजे नाही असंच धरतात आणि पूर्ण भाडं घेतात. ब्रिटनमध्ये वर्षातून एकदा असे पैसे परत मागायची सोय आहे, पावती जपून ठेवा आणि अर्ज करा. डिजिटल कार्ड दोन फोनवर टाकता येतं, दोन्ही मोठ्यांच्या फोनवर टाकून ठेवा आणि त्यातला एक फोन मुलांच्या हातात खेळायला देऊ नका.

२४. शेवटचा, जरा अवघड. मित्राकडून मुलाच्या तिकिटाचे किती पैसे घ्यायचे?

रेल्वेचा नियम नाही पण हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो! माझं मत असं की मुलाच्या तिकिटाचे जेवढे प्रत्यक्ष गेले तेवढेच घ्या, वरच्या उदाहरणात १२ पाउंड. कार्डाचे ३५ त्याच्यात वाटायला जाऊ नका, कारण ते मूल सोबत आहे म्हणून तुमच्याही तिकिटावर सूट मिळाली असेल, विशेषतः तुमची स्वतःची मुलं १६ च्या वर किंवा ५ च्या खाली असतील तर. अशा वेळी तर उलट मित्रालाच काहीतरी द्यायला पाहिजे. जर्मनीत ते फुकट गेलं असेल तर फक्त सीटचे पैसे सांगा. स्वित्झर्लंडचा अर्धा पास मात्र निघायच्या आधीच बोलून घ्या, रक्कम मोठी असते आणि तुमच्या मुलाला शून्य लागलंय हे कळल्यावर मित्राला उगाच वाटू शकतं की आपल्याकडून जास्त घेतले.